विमानाचे भाग बनवणाऱ्या इंजिनिअरचं काम नेमकं काय असतं?

सातपूरकर

करिअरच्या धाग्यावर दोघातिघांनी विचारलं होतं, "एरोस्पेसमध्ये जायचंय, काय करू?" उत्तरं आली ती डिझाइनची, इस्रोच्या परीक्षेची आणि पायलटच्या लायसन्सची. विमान बनवावंही लागतं, आणि ते बनवणारे इंजिनिअर असतात, याबद्दल कोणी लिहिलं नाही. म्हणून हा वेगळा धागा काढतोय. या क्षेत्रातले बाकीचे सभासद भर घालतीलच.

मी नाशिकला सातपूरमधल्या एका कारखान्यात मॅन्युफॅक्चरिंग इंजिनिअर आहे. प्रवासी विमानांच्या पंखांतले आणि सांगाड्यातले अ‍ॅल्युमिनियमचे आणि टायटॅनियमचे भाग आम्ही करतो. ड्रॉइंग आणि थ्रीडी मॉडेल गिऱ्हाइकाकडून येतं. त्यातली एक रेघही बदलायचा हक्क आम्हाला नाही. भाग शेवटी कसा असावा ते ड्रॉइंग सांगतं. तो तसा व्हायचा कसा, हे मात्र त्यावर कुठेही नसतं. कोणती बाजू आधी कापायची, जॉब (मशीनवर चढवलेला तुकडा) कुठे धरायचा, कोणत्या टप्प्यावर काय मोजायचं, उष्णता प्रक्रिया मशिनिंगच्या आधी की नंतर, कापताना कडेला उरणारी धारदार बर कशाने काढायची, दोन ऑपरेशनच्या मध्ये भाग कशात गुंडाळून ठेवायचा, हे सगळं ठरवायचं, लिहायचं आणि सिद्ध करून दाखवायचं. माझं काम ते.

पंखातली एक रिब, म्हणजे पंखाला आकार देणारी आतली फासळी, घेऊ. ७०५०-टी७४५१ जातीच्या अ‍ॅल्युमिनियमची जाड प्लेट येते. त्यातला बहुतेक माल चिप्स होऊन बाहेर जातो. शंभर किलोची प्लेट लावली की हातात पाच-दहा किलोचा भाग राहतो, त्याच्या भिंती कुठेकुठे दीड मिलिमीटरच्या. प्लेट तयार होताना तिच्यात ताण अडकलेले असतात. ते कमी व्हावेत म्हणून कारखान्यातच तिला दीड ते तीन टक्के ताणून घेतात, नावातला '५१' त्याचाच. तरी थोडे राहतातच. तुम्ही एका बाजूने पोटातला माल काढलात की ताणांचा तोल बिघडतो आणि क्लॅम्प सोडल्याबरोबर जॉब उन्हातल्या पापडासारखा वळतो. मशीनवर सगळी मापं बरोबर, सोडल्यावर सगळी चूक. म्हणून आधी दोन्ही बाजूंनी रफ कापायचं, जॉब सोडायचा, मोकळा होऊ द्यायचा, पुन्हा पालथा घालून बेस सपाट करायचा आणि मग फिनिश. किती वेळा उलटायचा, प्रत्येक वेळी किती माल ठेवायचा, रिब प्लेटच्या जाडीत वर बसवायची की मध्यावर, हे कोणत्याही पुस्तकात तयार मिळत नाही. प्रत्येक भागाला नव्याने शोधावं लागतं. या कामातला माझा सगळ्यात आवडता टप्पा हाच.

ते सापडलं की लिहायचं. मग पहिला नग त्या लिखाणाप्रमाणे बनवून 'फर्स्ट आर्टिकल' तपासणी होते. ड्रॉइंगवरच्या प्रत्येक मापाला, प्रत्येक टीपेला गोल करून नंबर द्यायचा आणि प्रत्येक नंबरापुढे प्रत्यक्ष मोजलेलं उत्तर लिहायचं. मोठ्या भागाला असे कित्येकशे नंबर होतात. जोडीला कच्च्या मालाचा दाखला, कोणत्या हीटचा, म्हणजे भट्टीतल्या कोणत्या खेपेचा, माल, प्रक्रिया कुठे झाली, त्यांची मान्यता कोणाची. ही तपासणी पास झाली की पद्धत गोठली. पुढे टूलिंग बदललं, मशीन हलवलं, प्रक्रिया बदलली, की त्या बदलापुरती तपासणी पुन्हा. दोन वर्षं तो भाग बनवलाच नाही, तरी पुन्हा.

नवीन मुलं इथेच कंटाळतात. "सर, ही तर कारकुनी झाली," असं म्हणून सोडून जातात. त्यांना मी पेन्साकोलाचं प्रकरण वाचायला सांगतो.

६ जुलै १९९६. डेल्टाचं एमडी-८८ विमान फ्लोरिडातल्या पेन्साकोलाहून उड्डाणासाठी धावत होतं. डाव्या इंजिनाचा पंखा ज्यावर बसतो तो टायटॅनियमचा हब फुटला, तुकडे केबिनमध्ये घुसले आणि दोन प्रवासी गेले. तपासात तडा कुठून निघाला ते सापडलं: हबमधल्या बोल्टच्या एका भोकातून. भोक पाडताना ड्रिल खराब झालं होतं, त्या जागी कूलंट पोचलं नव्हतं, चिप्स अडकल्या होत्या. धातू इतका तापला की भोकाच्या भिंतीवर त्याची अंतर्रचनाच बदलली आणि तो भाग कडक, ठिसूळ झाला. भोकाचं माप बरोबर होतं! कारखान्यात तो दोष दिसला नाही, आणि पुढे वाढलेला तडा विमान कंपनीच्या तपासणीतही निसटला.

एक भोक. कोणत्याही वर्कशॉपमध्ये रोज शेकड्याने पडतात तसं. टायटॅनियम उष्णता फारशी वाहून नेत नाही, ती टूलच्या टोकाशी साठते. म्हणून स्पीड किती, फीड किती, किती भोकांनंतर ड्रिल बदलायचं, कूलंटचा दाब किती, मध्येच ड्रिल तुटलं तर ऑपरेटरने काय करायचं आणि कोणाला बोलवायचं, हे सगळं रूट कार्डावर, म्हणजे भाग बनवायच्या ऑपरेशनवार लेखी सूचनांत, लिहिलेलं असावं लागतं. कारण नंतर मोजून ते कळत नाही. भाग कसा बनला याची नोंद नसेल, तर तो भाग चांगला आहे असं छातीवर हात ठेवून म्हणायला माझ्याकडे काहीच नाही. मी या कागदाला कारकुनी मानत नाही, इंजिनिअरिंगच मानतो.

तुमचे अनुभव लिहा. विद्यार्थ्यांनी प्रश्न विचारावेत.

---

चाकणकर

लेख आवडला, पण थोडा विरोध नोंदवतो. मी गाड्यांच्या इंजिनांचे भाग करणाऱ्या प्लांटमध्ये आहे. आमच्याकडे मिनिटाला एक नग पडतो. आमचीही पहिल्या नगाची मान्यता असते, कंट्रोल प्लॅन असतो, मापं कुठे सरकताहेत ते दाखवणारे चार्ट असतात. पण आम्ही दर महिन्याला पद्धत सुधारतो. ऑपरेटरने सुचवलं की फिक्श्चरची (जॉब धरून ठेवणाऱ्या साधनाची) पिन बदलली तर सेटिंगचे चार मिनिटं वाचतात, तर पंधरवड्यात ते लाइनवर असतं. तुमच्याकडचे मित्र सांगतात की असा बदल करायला सहा-सहा महिने लागतात, आणि मग कोणी सुचवतच नाही. गोठलेल्या पद्धतीत माणसंही गोठतात. सुरक्षिततेच्या नावाखाली आळस खपतो असं तुम्हाला वाटत नाही का?

---

सातपूरकर

प्रश्न रास्त आहे. काही ठिकाणी तसा आळस असतो, आणि मला तो खपत नाही.

पण दोन गोष्टी बघा. तुमच्याकडे महिन्याला हजारो नग आहेत. पिन बदलल्यावर काही बिघडलं तर चार्ट दुसऱ्या दिवशी सांगेल. माझ्याकडे एका भागाचे वर्षाला चाळीस-पन्नास नग. चार्टवर काही दिसेपर्यंत ते विमानात बसून उडायला लागलेले असतात, आणि तीस वर्षं उडणार असतात. म्हणून बदलाचा परिणाम आधीच विचार करून, कापून, तपासून बघावा लागतो.

दुसरं, सगळेच बदल सारख्या वजनाचे नसतात. फिक्श्चरची पिन हलवल्याने डेटम, म्हणजे ज्या पृष्ठभागावरून बाकीची मापं घेतात तो आधार, बदलत नसेल तर तो निर्णय आमच्या पातळीवर लवकर व्हायला हवा, आणि चांगल्या कारखान्यात होतो. भोक पाडायची पद्धत बदलणं, उष्णता प्रक्रियेचा क्रम बदलणं, केमिकल बदलणं यांना वेळ लागलाच पाहिजे. कोणता बदल कोणत्या रांगेत बसतो हे ओळखणं, तेच आमच्या पगाराचं कारण.

ज्या प्रक्रियेचा निकाल नंतर मोजता येत नाही तिचं काय, हे बेळगावच्या सभासदांनी लिहावं. ते प्लेटिंगमध्ये, म्हणजे भागांवर दुसऱ्या धातूचा थर चढवण्याच्या कामात, आहेत.

---

हत्तरगीचा

बोलावलात म्हणून लिहितो. बेळगावजवळ हत्तरगीला एरोस्पेसचं सेझ आहे, तिकडं फोर्जिंग, मशिनिंग, सरफेस ट्रीटमेंट सगळं एका आवारात होतं. मी केमिकल प्रोसेसला आहे. आमच्या कामाला 'स्पेशल प्रोसेस' म्हणतात. कारण असं की भाग बाहेर काढल्यावर तो वरनं चांगला दिसतोय, जाडी बरोबर भरतेय, तरी आतनं गेलेला असू शकतो.

जास्त ताकदीच्या स्टीलवर कॅडमियम चढवायचं असतं, लँडिंग गिअरच्या भागांना वगैरे. प्लेटिंगच्या टाकीत हायड्रोजन सुटतो आणि स्टीलात शिरतो. वरनं काही दिसत नाही. भाग असेंब्लीत बसतो, त्यावर भार येतो, आणि काही तासांनी नाहीतर काही दिवसांनी, कोणी हात न लावता, तडकून तुटतो. उपाय एकच, प्लेटिंग झाल्यावर ठरलेल्या तासांच्या आत भाग ओव्हनमध्ये गेला पाहिजे. साधारण १९० अंश सेल्सिअसला २३ तास. हायड्रोजन बाहेर पडतो. आता हे बघा, भाग टाकीतनं किती वाजता काढला आणि ओव्हनमध्ये किती वाजता गेला, याची वेळ लिहिली नसेल तर त्या भागाचं काय करायचं? मोजून कळणार नाही. तोडून बघितलं तर भाग राहणार नाही. म्हणजे एक वेळ लिहायची राहिली, की चांगला असूनसुद्धा तो भाग गेला. नवीन पोरांना पहिल्या दिवशी मी हेच सांगतो, की इथं घड्याळ हे मापाचं हत्यार आहे.

आणि एक, टायटॅनियमला कॅडमियम चालत नाही. कॅडमियम चढवलेला पाना टायटॅनियमच्या बोल्टला लावायचासुद्धा नाही, धातू ठिसूळ पडतो. क्लोरीनवाल्या सॉल्व्हंटनं पुसायचं नाही. म्हणून कोणत्या रंगाचं टूल कुठल्या बाकावर, हे ठरलेलं असतं. बाहेरनं आलेल्या माणसाला हे अतीच वाटतं. नॅडकॅपचा, म्हणजे एरोस्पेसच्या स्पेशल प्रोसेसना मान्यता देणाऱ्या संस्थेचा, ऑडिटर येतो तेव्हा तो मॅनेजरशी थोडा वेळ बोलतो आणि मग सरळ टाकीजवळच्या ऑपरेटरकडं जातो, त्याला विचारतो. मला ते फार बरोबर वाटतं.

---

मृण्मयी_वेल्स

सुंदर धागा. मी यूकेत विंग असेंब्लीला मॅन्युफॅक्चरिंग इंजिनिअर आहे, मूळची सांगलीची. असेंब्लीची बाजू लिहिते.

आमचं जग भोकांचं आहे. कार्बन फायबरची कातडी, खाली अ‍ॅल्युमिनियम किंवा टायटॅनियम, आणि दोन्हींतून आरपार एकच भोक. कार्बनला वेग हवा, टायटॅनियमला वेग सोसत नाही. वरून घुसताना कार्बनचे थर सुटायला नकोत, आणि टायटॅनियमच्या गरम चिप्स वर येताना कार्बनचं भोक खरवडायला नको. दोन थरांच्या मध्ये बर राहिली तर तिथूनच पुढे तडा निघतो. म्हणून कित्येक ठिकाणी भोकं पाडायची, पुन्हा सगळं उघडायचं, बर काढायची, पुसायचं, सीलंट लावायचं आणि मग कायमचं बसवायचं. हा उघडझाकीचा खर्च वाचावा म्हणून एकदाच ड्रिल करून तिथेच फास्टनर बसवायची पद्धत आणतात. तिला क्लॅम्पिंगचा दाब किती लागेल, बर अजिबात होत नाही हे कसं सिद्ध करायचं, यावर माझं बरंचसं काम चालतं.

आणि सीलंट! पंखातच इंधन असतं, त्यामुळे प्रत्येक सांधा गळायचा थांबवावा लागतो. सीलंट मिसळलं की त्याचं घड्याळ सुरू. 'बी-२' म्हणजे दोन तास वापरता येईल असं. त्यात फास्टनर ओले असतानाच बसले पाहिजेत. म्हणजे एका वेळी किती फास्टनर, किती माणसं, कोणत्या क्रमाने, जेवणाची सुट्टी कुठे, हे सगळं त्या दोन तासांवरून मागे मागे आखत जावं लागतं. फिटर लोकांबरोबर उभं राहिल्याशिवाय हे टेबलावर बसून जमत नाही. पंखाच्या आत एक हात घालून काम करणाऱ्या माणसाला पाना फिरवायला जागा आहे का, हे मॉडेलमध्ये दिसतं तसं नसतं.

सातपूरकरांनी पेन्साकोला लिहिलं, मी क्वांटास ३२ लिहिते, कारण त्यात आपल्या पेशाचा धडा फार नेमका आहे. ४ नोव्हेंबर २०१०, सिंगापूरहून सिडनीला निघालेलं ए३८०. दुसऱ्या क्रमांकाच्या इंजिनात तेलाची एक छोटी नळी तडकली, तेलाने पेट घेतला, टर्बाइनची डिस्क फुटून पंखातून आरपार गेली. विमानात ४६९ माणसं होती. वैमानिकांनी विमान चांगीला उतरवलं, सगळी वाचली. नळी का तडकली? तिच्या टोकाला आतून एक मोठं भोक, काउंटरबोअर, कापलेलं होतं आणि ते मध्यावरून सरकलं होतं. एका बाजूची भिंत पातळ राहिली. आणि ते का सरकलं? डिझाइनने जो डेटम दिला होता तो भाग जोडून झाल्यावर पोचण्याजोगा राहत नव्हता, म्हणून उत्पादनाच्या ड्रॉइंगवर दुसरा डेटम घेतला गेला. मशिनिंगच्या वेळी भाग थोडा हलला, आणि मोजणीही त्या दुसऱ्याच डेटमवरून होत असल्याने चूक उघडी पडली नाही. डिझाइन बरोबर होतं. मशीन बरोबर होतं. डिझाइनरच्या मनात काय आहे आणि फिक्श्चर कशाला टेकतंय, या दोहोंमधलं अंतर कोणी भरलं नाही. ते अंतर भरायला आपण असतो.

---

चाकणकर

हत्तरगीचा आणि मृण्मयी, दोन्ही प्रतिसाद डोळे उघडणारे. डेटमचा मुद्दा आमच्याकडेही जसाच्या तसा लागू आहे. माझा बदलाच्या वेगाबद्दलचा आक्षेप थोडा उरतो, पण कोणत्या बदलाला किती वेळ, हा फरक मी आधी करत नव्हतो हे मान्य.

एक विचारतो. चूक झाली तर तुमच्याकडे काय होतं? आमच्याकडे रिजेक्ट पेटी.

---

सातपूरकर

नग बाजूला, लाल टॅग, नॉन-कन्फॉर्मन्सचा अहवाल. त्यानंतर रस्ते ठरलेले. ड्रॉइंगप्रमाणे आणता येत असेल तर रीवर्क. ड्रॉइंगप्रमाणे येणार नाही पण वापरता येईल असं वाटत असेल तर ती दुरुस्ती झाली, आणि तिला डिझाइन ज्यांचं आहे त्यांचीच परवानगी लागते. आहे तसा वापरा म्हणायलाही तेच. नाहीतर स्क्रॅप, आणि स्क्रॅपसुद्धा कापून, पुन्हा वापरता येणार नाही असा करून टाकायचा. यातला रीवर्क आणि दुरुस्तीतला फरक ज्याला नीट कळला तो निम्मा तयार झाला. 'थोडं पॉलिश मारून टाकू' हे वाक्य आमच्या शॉपमध्ये मी कोणाला बोलू देत नाही.

---

मृण्मयी_वेल्स

याला जोडून अलास्का एअरलाइन्सची घटना. ५ जानेवारी २०२४, ७३७ मॅक्स ९, पोर्टलँडहून उड्डाण झाल्यावर सुमारे १४,८०० फुटांवर दाराच्या जागी बसवलेला प्लग उडून गेला. कोणी गेलं नाही, हे नशीब. बोइंगच्या रेंटनच्या कारखान्यात शेजारचे पाच रिव्हेट खराब निघाले होते, ते बदलायला प्लग उघडला होता. पुन्हा लावताना त्याला जागेवर धरणारे चार बोल्ट बसले नाहीत. आणि प्लग उघडल्याची नोंदच नव्हती. नोंद असती तर बंद करताना तपासणीचा शिक्का लागला असता, आणि चार रिकामी भोकं कोणाला तरी दिसली असती.

मला याचा राग येतो. बोल्ट विसरणाऱ्या माणसावर नाही. उघडलं की नोंद, ही सवय जिथे सुटू दिली गेली, त्या व्यवस्थेवर.

---

ओझरचे काका

सर्वांना नमस्कार. मी ओझरला एचएएलमध्ये (हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये) टूल रूम आणि नंतर प्लॅनिंगला नोकरी केली, आता निवृत्त. तुम्ही मंडळी इतकं मनापासून लिहिताय म्हणून राहवलं नाही.

ओझरचा कारखाना १९६४ साली मिगसाठी उभा राहिला. आजूबाजूला द्राक्षाचे मळे, आणि मध्ये आवाजाच्या वेगाच्या पुढे जाणारं विमान बनवायचं. ड्रॉइंगं रशियन, मानकं रशियन, धातूंची नावं रशियन. भाषांतराचा स्वतंत्र विभाग होता. शब्द कळला तरी पद्धत कळायला वर्षं लागत. कॉम्प्युटर मॉडेल नव्हतं. सोव्हिएत पद्धतीत विमानाचे आकार पूर्ण मापात पत्र्यावर आखलेले असत, त्यावरून टेम्प्लेट, टेम्प्लेटवरून जिग, म्हणजे भाग जोडताना जागेवर धरणारे सांगाडे, आणि जिग एकमेकांशी जुळवायला मास्टर नमुने. एका टेम्प्लेटची कड झिजली की फरक थेट विमानात. त्या टेम्प्लेटना आम्ही फार जपत होतो.

परवान्याखाली बनवणं म्हणजे नुसतं जोडणं, असं बाहेरचे लोक म्हणत. सुरुवात जोडण्यानेच होते. आधी तयार सुटे भाग येतात, मग जोडण्या, मग भाग आपण बनवायचे, आणि शेवटच्या टप्प्यात कच्च्या धातूपासून. सुखोई-३० एमकेआय ओझरला त्या शेवटच्या टप्प्यापर्यंत गेलं. प्रत्येक टप्प्याला शेकडो प्रक्रिया नव्याने सिद्ध करायच्या. ते करणारी माणसं निफाडची, सिन्नरची, येवल्याची. आयटीआय झालेली मुलं टायटॅनियमचं वेल्डिंग शिकली आणि निवृत्त होईपर्यंत इतरांना शिकवत राहिली.

२६ सप्टेंबर २०२५ ला मिग-२१ निवृत्त झालं, चंदीगडला शेवटचा सोहळा झाला. मी टीव्हीवर पाहिला. पुढच्याच महिन्यात, १७ ऑक्टोबरला, ओझरच्या नव्या लाइनवरच्या तेजस मार्क १ए ने आपलं पहिलं उड्डाण केलं. त्या दिवशी आम्ही जुने सहकारी एकत्र जमलो होतो.

एक जुनी आठवण नव्या पिढीसाठी. जिची पुढे एचएएल झाली ती हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढणारे वालचंद हिराचंद आपल्या सोलापूरचे. डिसेंबर १९४० ला म्हैसूर संस्थानाच्या मदतीने त्यांनी बंगळूरला कंपनी उभी केली, तेव्हा देशात विमान बनवलेला माणूस शोधून सापडला नसता. आज तुमच्या हाताशी मशीन आहेत, मानकं आहेत, माहिती आहे. कमी पडतात ती शॉपवर दहा वर्षं टिकणारी माणसं.

---

अथर्व_सिन्नर

काका, वाचून अंगावर काटा आला. माझे आजोबा ओझरलाच होते.

मी मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रश्न: १) एरोनॉटिकल डिग्री नसेल तर या कामात घेतात का? २) कोणतं सॉफ्टवेअर शिकू? क्लासवाले सांगतात एवढे एवढे कोर्स करा, घरची परिस्थिती तशी नाही. ३) महाराष्ट्रात काम आहे का, की बंगळूरलाच जावं लागेल?

---

सातपूरकर

अथर्व, क्रमाने सांगतो.

एरोनॉटिकल लागत नाही. आमच्या विभागात जवळपास सगळे मेकॅनिकल आणि प्रॉडक्शनवाले आहेत. डिप्लोमावाल्याला उलट फायदा, तो शॉपमध्ये लवकर येतो. अप्रेंटिसशिप मिळत असेल तर सोडू नकोस, मग ती मोठ्या कारखान्यात असो की अंबडमधल्या छोट्या व्हेंडरकडे. पगार सुरुवातीला सॉफ्टवेअरवाल्या मित्रांपेक्षा कमी असेल, हे आत्ताच मनाशी धर. पाच-सहा वर्षांनी प्रक्रिया स्वतः उभी करता येणारा माणूस झालास की परिस्थिती बदलते, कारण तशी माणसं फार नाहीत.

सॉफ्टवेअरच्या आधी भौमितिक टॉलरन्स, म्हणजे आकारात आणि जागेत किती फरक चालतो ते, शिक. पोझिशन, प्रोफाइल, डेटम. कॅटिया आणि एनएक्ससारखं कॅडचं सॉफ्टवेअर नोकरीत शिकता येतं, ड्रॉइंग वाचायची नजर आधी असावी लागते. मुलाखतीत मी कॅडचं सर्टिफिकेट कधी विचारत नाही. एक ड्रॉइंग पुढे ठेवतो आणि म्हणतो, हा जॉब कुठे धरशील?

महाराष्ट्रात काम आहे. ओझर आणि त्याच्या आसपासचे व्हेंडर. नागपूरला मिहानमध्ये फाल्कन जेटचे भाग होतात. इंजिन आणि रॉकेटची आवड असेल तर गोदरेजकडे इस्रोच्या विकास आणि क्रायोजेनिक इंजिनांचं काम चालतं, वालचंदनगरला पीएसएलव्हीच्या मोटरची कवचं होतात. हद्दीबाहेर पण मराठी ऐकू येईल असं हवं असेल तर बेळगाव, आणि वडोदऱ्याला सी-२९५ ची लाइन. बंगळूर, हैदराबाद आहेतच.

---

मृण्मयी_वेल्स

अथर्व, पुढे परदेशात यायचा विचार असेल तर एक माहिती. अमेरिकेत संरक्षणाशी जोडलेल्या कामाला निर्यात-नियंत्रणाचे कायदे आहेत, तिथलं नागरिकत्व किंवा कायमचा रहिवास नसेल तर बऱ्याच जागा बंदच असतात. हुशारीशी त्याचा संबंध नाही. पदव्युत्तरसाठी कर्ज काढण्याआधी हे तपासून घे. माझ्यासोबतच्या दोघांना हे तिथे पोचल्यावर कळलं आणि फार मनस्ताप झाला. युरोपात प्रवासी विमानांच्या बाजूला तुलनेने सोपं जातं.

आणि मुली वाचत असतील तर: शॉपवर या. मी पहिल्यांदा जिगवर चढले तेव्हा माझ्या मापाचा सुरक्षा हार्नेस नव्हता. मागितला, आला. आता आमच्या लाइनवर तो सगळ्या मापांत असतो.

---

हत्तरगीचा

अथर्वला माझ्याकडनं एक. केमिकल प्रोसेस आणि एनडीटी, म्हणजे न तोडता तपासणी, या लायनीकडं मुलं बघतच नाहीत, सगळ्यांना सीएनसी पाहिजे. पेनिट्रंट आणि अल्ट्रासॉनिक तपासणीचे लेव्हल असतात, ठरलेले तास काम करून, परीक्षा देऊन वर जातात. तो दाखला हातात असलेला माणूस कुठंही अडत नाही. पेन्साकोलाचा तडा ज्याला दिसायला हवा होता, ती ही लाइन.

---

चाकणकर

मीही एक भर घालतो. ऑटोमधून एरोस्पेसमध्ये आणि उलटही जाता येतं. पीएफएमईए (प्रक्रियेत कुठे काय चुकू शकतं याचा आधीच केलेला विचार), कंट्रोल प्लॅन, फिक्श्चर डिझाइन दोन्हीकडे लागतं. जिथे आधी दार उघडेल तिथे जा, फक्त पहिली दोन वर्षं ऑफिसात बसवणारी नोकरी घेऊ नकोस.

---

अथर्व_सिन्नर

सर्वांचे मनापासून आभार. आजोबांच्या वेळच्या गोष्टी काकांना व्यनिने विचारतो.

सातपूरकर दादा, आत्ता सहा महिने हातात आहेत. घरबसल्या काय करू?

---

सातपूरकर

कॉलेजच्या वर्कशॉपमधला कोणताही खरा भाग घे, पंपाचं हाउसिंग, लेथचा ब्रॅकेट, काहीही. व्हर्निअर, मायक्रोमीटर आणि सरफेस प्लेटवर मोजून त्याचं ड्रॉइंग स्वतः काढ. तो भाग कशावर टेकतो आणि कशाने जागेवर बसतो ते बघून डेटम ठरव. मग प्रत्येक मापाला आणि टीपेला गोल करून नंबर दे, आणि पुढे तीन रकाने कर: काय हवं, कशाने मोजणार, किती आलं. त्यानंतर कच्च्या मालापासून तो भाग बनवायचं रूट कार्ड लिही, ऑपरेशन दहा, वीस, तीस असं. प्रत्येक ऑपरेशनला जॉब कुठे धरला, कोणता पृष्ठभाग टेकवला, काय मोजलं.

ते कार्ड वर्कशॉपमधल्या टर्नरला दे आणि तोंडाने काही न सांगता त्याला तो भाग बनवायला सांग. तो जिथे जिथे थांबून तुला विचारेल, तिथे तिथे वहीत खूण कर. मग कार्ड पुन्हा लिही आणि दोन्ही कार्डं, पहिलं आणि दुसरं, इथेच धाग्यावर टाक. मी आणि मृण्मयी बघू, काकांनाही विनंती करतो.

---

ओझरचे काका

अवश्य बघेन. अथर्व, ऑपरेशनचे नंबर दहा-दहाने का देतात ते टर्नरलाच विचार, तो सांगेल. आणि कार्ड पेनने लिही. खोडायचं झालं तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही व तारीख.